रस्ता कुणाचा, खड्डा कुणी बुजवायचा? दगडावरचा नंबर वाचला की कळतं

गावाजवळच्या रस्त्याला खड्डे पडले की पहिला अर्ज ग्रामपंचायतीकडे जातो. ग्रामपंचायत म्हणते, रस्ता जिल्हा परिषदेचा आहे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात गेलं की उत्तर मिळतं, हा तर सार्वजनिक बांधकामकडे वर्ग झालाय. तिथं गेलं तर साहेब म्हणतात, आता तो राष्ट्रीय महामार्ग आहे, त्यांच्याकडे जा. अर्ज फिरत राहतो, पावसाळा निघून जातो आणि खड्डा तिथंच राहतो.

ही फिरवाफिरवी बऱ्याच अंशी टाळता येते. महाराष्ट्रातल्या योजनेतल्या प्रत्येक रस्त्याला वर्ग आहे आणि नंबर आहे. जमिनीचा मालक सातबाऱ्यावरून कळतो, तसा रस्त्याचा मालक या वर्गावरून आणि नंबरावरून कळतो. खड्डाच नव्हे, तर रस्त्याकडेला घर बांधायचं असो, रस्त्याखालून पाइपलाइन न्यायची असो किंवा जमीन संपादनात जाणार असो, सगळ्या ठिकाणी हाच नंबर कामाला येतो.

रस्त्यांचे सहा वर्ग

वरून खाली उतरत गेलं तर महाराष्ट्रात रस्त्यांची उतरंड अशी आहे:

१. राष्ट्रीय महामार्ग (रा.म.)
२. प्रमुख राज्य मार्ग (प्ररामा)
३. राज्य मार्ग (रामा)
४. प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा)
५. इतर जिल्हा मार्ग (इजिमा)
६. ग्रामीण मार्ग (ग्रामा)

राष्ट्रीय महामार्ग १९५६ च्या केंद्राच्या कायद्याखाली येतात. बाकीचे रस्ते राज्याच्या १९५५ च्या महामार्ग अधिनियमाखाली येतात. हा कायदा आधी 'मुंबई महामार्ग अधिनियम' म्हणून ओळखला जायचा, आता त्याला 'महाराष्ट्र महामार्ग अधिनियम' म्हणतात. कोणता रस्ता कोणत्या वर्गात, हे सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जाहीर करतं. पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं म्हणून रस्ता राज्य मार्ग होत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. प्ररामा, रामा आणि प्रजिमा हे तीन वर्ग सर्वसाधारणपणे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इजिमा आणि ग्रामा हे दोन वर्ग जिल्हा परिषदेकडे असतात. म्हणजे 'जिल्हा मार्ग' हे नाव दोन्हीकडे असलं तरी कार्यालय वेगळं आहे. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामचा, इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचा. सगळ्यात जास्त अर्ज चुकीच्या टेबलावर जातात ते याच ठिकाणी.

राष्ट्रीय महामार्गाचंही एकच कार्यालय नसतं. काही रस्ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतात, काही सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे मोठे रस्ते असले तरी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे नाहीत, ते महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत.

राष्ट्रीय महामार्गाच्या नंबरात दिशा लपलेली असते

आजही कोल्हापूर–सातारा भागात 'एनएच फोर', कोकणात 'एनएच सतरा' आणि जळगाव–अकोल्याकडे 'एनएच सहा' असं सर्रास बोललं जातं. हे जुने नंबर आहेत. २०१० मध्ये देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर देण्यात आले. त्यामागचं गणित सोपं आहे.

उत्तर–दक्षिण जाणाऱ्या महामार्गांना सम नंबर असतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलं की हे नंबर वाढत जातात. पूर्व–पश्चिम जाणाऱ्या महामार्गांना विषम नंबर असतात आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात.

महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यासमोर आणला की पटतं. नागपूर, हिंगणघाट, पांढरकवड्यावरून जाणारा श्रीनगर–कन्याकुमारी महामार्ग ४४ नंबरचा. पश्चिमेकडे आलं की धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर जोडणारा ५२. त्याच्याही पश्चिमेला धुळे–नाशिक–पुणे हा ६०. आणि अगदी समुद्राच्या बाजूला पनवेल, महाड, चिपळूण, कुडाळवरून गोव्याकडे जाणारा ६६. सगळे सम, आणि पश्चिमेकडे चढत गेलेले.

विषम नंबरांचंही तसंच. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर या रस्त्याला ५३ नंबर आहे. त्याच्या दक्षिणेला कल्याण, माळशेज घाट, अहिल्यानगर, परभणी, नांदेड हा ६१. आणखी खाली पुणे–सोलापूर–हैदराबाद हा ६५. उत्तरेकडून दक्षिणेकडे नंबर वाढत गेले.

जुना नंबर सांगितला तर काय होतं? जुना ४ नंबरचा महामार्ग आज ४८ झालाय, आणि ४ नंबर अंदमानातल्या महामार्गाला मिळालाय. कोकणातला जुना १७ आता ६६ आहे, तर नवा १७ पश्चिम बंगाल–आसामकडे आहे. जुना ६, म्हणजे सुरत–धुळे–नागपूर, आता ५३ आहे, आणि नवा ६ मेघालय–मिझोरामकडे. बोलताना जुना नंबर चालून जातो. अर्जात, पोलिसांच्या कागदात किंवा विम्याच्या फॉर्ममध्ये मात्र नवाच नंबर लिहावा.

तीन आकडी नंबर म्हणजे फांदी

नंबर तीन आकडी असेल तर तो मुख्य महामार्गाचा फाटा समजावा. शेवटचे दोन आकडे मुख्य रस्त्याचे, आणि पहिला आकडा फांदीचा.

रत्नागिरी–कोल्हापूर–सांगली–सोलापूर हा १६६, म्हणजे ६६ ची फांदी. सिन्नर–शिर्डी हा १६०, म्हणजे ६० ची. तुळजापूर–लातूर–नांदेड–यवतमाळ–वर्धा हा ३६१, म्हणजे ६१ ची. फांद्या जास्त झाल्या की पुढे इंग्रजी अक्षर जोडतात. पालखी मार्गांचं उदाहरण घ्या. जेजुरी, लोणंद, फलटणवरून पंढरपूरकडे जाणारा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग ९६५ नंबरचा आहे. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूजवरून जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग ९६५ जी. अक्षर वगळलं तर रस्ताच बदलतो, म्हणून ते लिहायला विसरू नये.

राज्य मार्ग आणि जिल्हा मार्गाचे नंबर

राज्य मार्गांना असं दिशेचं गणित नाही. राज्याच्या रस्ते विकास योजनेत रस्त्याला जो क्रमांक दिला, तोच त्याचा नंबर. कोकण किनाऱ्यानं जाणारा रेवस–रेड्डी सागरी महामार्ग हा प्रमुख राज्य मार्ग ४ आहे, पण ४ हा सम आकडा आहे म्हणून तो उत्तर–दक्षिण, असा अर्थ काढायचा नाही.

दोन गोष्टी इथं लक्षात ठेवाव्यात.

पहिली, नुसता आकडा कधीच पुरत नाही. राष्ट्रीय महामार्ग ६० आणि राज्य मार्ग ६० हे वेगळे रस्ते. प्रजिमा ६० आणखी वेगळा. आकड्याआधी वर्ग लिहायलाच हवा.

दुसरी, प्रजिमाचे नंबर जिल्ह्यापुरते असतात. साताऱ्यातही प्रजिमा १२ असतो, बुलढाण्यातही असतो. म्हणून प्रजिमासोबत जिल्ह्याचं नाव लिहावं. इजिमा आणि ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा आणि तालुका दोन्ही लिहावेत, म्हणजे गोंधळाला जागा राहत नाही.

राज्याची हद्द ओलांडली की राज्य मार्गाचा नंबर बदलतो, कारण कर्नाटक, तेलंगणा, मध्य प्रदेश, गुजरात यांची आपापली यादी आहे. राष्ट्रीय महामार्गाचा नंबर मात्र हद्दीवर बदलत नाही. ५२ नंबर सोलापुरात जो आहे, तोच पुढे विजयपूरला.

दगडाचा रंग आणि त्यावरचे आकडे

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा वरचा भाग रंगवलेला असतो. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य मार्ग. काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग किंवा शहरातला रस्ता. नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता, बहुतेक वेळा ग्रामसडक योजनेतला.

रंगावर पूर्ण विसंबून राहू नये. रस्त्याचा दर्जा वाढतो, पण जुना दगड तसाच उभा असतो. रंगावरून अंदाज घ्यावा आणि खात्री कार्यालयात करावी.

दोन किलोमीटरच्या दगडांमध्ये २, ४, ६, ८ असे आकडे टाकलेले लहान दगडही असतात. ते दर २०० मीटरवर असतात. १२ किलोमीटरच्या दगडानंतर ४ आकड्याचा लहान दगड दिसला तर ती जागा झाली किमी १२/४००, म्हणजे १२ किलोमीटर ४०० मीटर. बांधकाम खात्याच्या सगळ्या कागदांत जागा अशीच लिहितात. 'मारुतीच्या देवळापुढच्या वळणावर' असं अर्जात लिहिलं तर वाचणाऱ्याला जागा शोधावी लागते. 'किमी १२/४००' लिहिलं की शाखा अभियंत्याला नेमकी जागा कळते.

अपघाताच्या वेळीही हेच उपयोगी पडतं. १०८ किंवा ११२ ला फोन करताना रस्त्याचं नाव आणि जवळच्या दगडावरचा आकडा सांगितला तर गाडी लवकर पोहोचते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबरही आहे.

कामाचा फलक कसा वाचायचा

समजा, फलकावर लिहिलंय: 'प्रजिमा १२ किमी ३/२०० ते ५/००० मध्ये सुधारणा करणे.' याचा अर्थ काम ३ किलोमीटर २०० मीटरपासून ५ किलोमीटरपर्यंत आहे, म्हणजे १ किलोमीटर ८०० मीटर. डांबरीकरण दीड किलोमीटरवरच थांबलं असेल तर गावकऱ्याला दगड पाहून बोलता येतं.

फलकावर कामाची रक्कम, ठेकेदार, काम सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीख आणि दोष दायित्व कालावधी पाहावा. या कालावधीत रस्ता उखडला तर तो ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते. अशा रस्त्यासाठी 'निधी नाही' हे उत्तर पाच वर्षांच्या आत लागू होत नाही. फलकाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. काम संपलं की फलक फार दिवस राहत नाही.

घर, दुकान, पाइपलाइन: इथं वर्ग महत्त्वाचा

रस्त्याकडेला स्वतःच्या मालकीची जमीन असली तरी कुठंही बांधता येत नाही. रस्त्याच्या मध्यापासून ठरावीक अंतरावर इमारत रेषा असते आणि तिच्यापलीकडे नियंत्रण रेषा असते. इमारत रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं असेल तर परवानगी लागते. हे अंतर रस्त्याच्या वर्गाप्रमाणे बदलतं. ग्रामीण मार्गाला ते कमी असतं, राज्य मार्गाला आणि राष्ट्रीय महामार्गाला जास्त.

बरीच घरं अडचणीत येतात ती इथंच. बाप म्हणतो, 'हा तर गावचा साधा रस्ता.' मधल्या काळात तो इजिमाचा प्रजिमा झालेला असतो, कधी थेट राज्य मार्ग. पोरगा जुन्या अंतरानं दुकानाचा पाया भरतो आणि रुंदीकरणाच्या वेळी नोटीस येते. बिनापरवाना बांधकामाची भरपाई मागताना हात बांधलेले असतात. त्यामुळे पाया खोदायच्या आधी रस्त्याचा आजचा वर्ग आणि सोडायचं अंतर संबंधित कार्यालयाकडून लेखी घ्यावं.

विहिरीवरून पलीकडच्या रानात पाइपलाइन न्यायची असेल तर रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याचीच परवानगी लागते. प्रजिमा असेल तर सार्वजनिक बांधकाम उपविभाग, इजिमा असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम उपविभाग. रात्रीतून जेसीबी लावून रस्ता खोदला तर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि दुरुस्तीचा खर्चही भरावा लागतो.

रस्त्याच्या वर्गानं धंदा कसा हलतो, हे सगळ्या देशानं २०१७ मध्ये पाहिलं. राष्ट्रीय महामार्ग आणि राज्य मार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये दिला. पुढे २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर करण्यात आलं. प्रजिमावरचं दुकान सुरू आणि राज्य मार्गावरचं बंद, असं चित्र दिसू लागलं. मग अनेक राज्यांत शहरातले रस्ते महामार्गाच्या यादीतून काढण्याची धावपळ झाली.

जमीन जाणार असेल तर

रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर संपादन १९५६ च्या कायद्यानं होतं. कलम ३अ ची अधिसूचना राजपत्रात येते आणि वर्तमानपत्रातही छापली जाते. ती प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यावी लागते. गट नंबर चुकला, क्षेत्र कमी-जास्त लागलं, विहीर, झाडं, घर नोंदवलं नाही, तर ते याच काळात लेखी कळवावं. राज्य मार्गासाठी प्रक्रिया वेगळी असते. तिथं २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो किंवा वाटाघाटीनं थेट खरेदी होते. त्यामुळे मोजणीवाले शिवारात आले की पहिला प्रश्न विचारावा: हा रस्ता आज कोणत्या वर्गाचा आहे आणि संपादन कोणत्या कायद्यानं आहे?

'तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग' हा शब्दही बातम्यांत येतो. तत्त्वतः म्हणजे केंद्रानं मान्यता दर्शवली आहे, पण राजपत्रात अधिसूचना निघालेली नाही. ती निघून नंबर मिळेपर्यंत रस्ता राज्याकडेच असतो आणि खड्डे बुजवायची जबाबदारीही राज्याचीच राहते.

रस्त्याचा दर्जा वाढतो कसा

ग्रामीण मार्गाचा इजिमा, इजिमाचा प्रजिमा, प्रजिमाचा राज्य मार्ग असा दर्जा वाढवता येतो. याला दर्जोन्नती म्हणतात. रस्ता जिल्हा परिषदेकडून सार्वजनिक बांधकामकडे जाणार असेल तर जिल्हा परिषदेचा ठराव लागतो. रस्त्यावरची वाहतूक, जोडली जाणारी गावं, बाजारपेठ, साखर कारखाना, देवस्थान, तालुक्याचं ठिकाण यांची माहिती प्रस्तावात देतात. मंजुरीचा निर्णय राज्य सरकार काढतं.

दर्जा वाढला की निधीचं दार मोठं होतं, हे खरं. पण इमारत रेषाही सरकते. ग्रामसभेत दर्जोन्नतीची मागणी करताना रस्त्याकडेच्या घरवाल्यांना ही दुसरी बाजू सांगितलेली बरी.

काही रस्ते कोणत्याच यादीत नसतात. त्यांना योजनाबाह्य रस्ते म्हणतात. वाडी-वस्तीचा रस्ता वर्षानुवर्षं कच्चा राहतो, त्यामागं कधी कधी एवढंच कारण असतं. नंबर नाही म्हणून प्रस्ताव पुढे सरकत नाही. अशा ठिकाणी पहिली मागणी डांबराची नव्हे, तर रस्ता योजनेत घेऊन त्याला ग्रामीण मार्गाचा क्रमांक देण्याची करावी.

शेताकडे जाणारी पाणंद आणि बांधावरची वाट या सहा वर्गांत येत नाही. ती अडवली असेल तर तहसीलदारांकडे जावं. अडवलेली जुनी वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे आणि बांधावरून नवीन वाट मागण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३.

नंबर सापडत नसेल तर

दगड नाही, फलक नाही, अशी वेळ आली तर तालुक्याच्या सार्वजनिक बांधकाम उपविभागात तालुक्याचा रस्ते नकाशा पाहायला मागावा. तिथं रस्ता नसेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात रस्त्यांची यादी पाहावी. तोंडी उत्तरावर थांबू नये. माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कावर अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला पुराव्यासह हे शुल्क माफ आहे. अर्जात तीन प्रश्न पुरे: रस्त्याचा वर्ग आणि क्रमांक काय, तो कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, आणि शेवटची दुरुस्ती कधी व किती रकमेची झाली.

तक्रारीच्या अर्जात एवढं लिहा

• रस्त्याचा वर्ग आणि नंबर (उदा. प्रजिमा १२)
• जिल्हा, तालुका आणि कुठून कुठपर्यंतचा रस्ता
• किलोमीटर (उदा. किमी १२/४०० ते १२/८००)
• काय बिघडलंय: खड्डा, खचलेली साइडपट्टी, तुंबलेली मोरी, तुटलेला कठडा
• तारखेसह फोटो आणि फलकाचा फोटो असेल तर तोही

अर्ज उपअभियंत्याच्या नावे द्यावा, प्रत कार्यकारी अभियंत्याला द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. रस्ता आपल्याकडे नाही असं उत्तर आलं, तर तो कुणाकडे आहे हे त्याच कागदावर लिहून मागावं. तो कागद जोडून पुढच्या कार्यालयात गेलं की अर्ज पुन्हा मागं फिरवणं सोपं राहत नाही.